दोन दिवसांत तळं नितळ करून देणाऱ्यांपासून सांभाळा

परसात मासे पाळणाऱ्यांनी आणि पावसाळा सरल्यावर तळ्याची डागडुजी काढणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. आमचे पैसे गेलेच, पण सासऱ्यांनी बोटाएवढे असल्यापासून वाढवलेले कोई, म्हणजे शोभेचे रंगीत मासेही गेले. ते दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे.

बेळगावात अनगोळला आमच्या घरामागे जांभ्या चिऱ्यांचं तळं आहे. 12 फूट लांब, 8 फूट रुंद, साडेतीन फूट खोल. चिऱ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपायला लागलं होतं आणि उन्हाळ्यात ते हिरवंगार व्हायचं. म्हणून आतून गिलावा आणि नवा फिल्टर असं एकत्र काम एका ठेकेदाराला दिलं. त्याने टेप लावलीच नाही. "वहिनी, आमची नजर बसलेली आहे. पाच हजार लिटरचं तळं हे," म्हणाला आणि कच्च्या कागदावर तेवढंच लिहून दिलं. एका घनफुटात साधारण 28 लिटर पाणी मावतं. 12, 8 आणि साडेतीनचा गुणाकार 336. म्हणजे तळं साडेनऊ हजार लिटरच्या आसपासचं! पुढचा सगळा माल त्याने निम्म्या तळ्याच्या हिशोबाने आणला आणि दर मात्र पूर्ण लावला.

काम संपल्यावर त्याने एका बिनलेबलच्या बाटलीतलं निळं पाणी तळ्यात ओतलं. "फिल्टरचे जिवाणू आहेत, आता कमाल बघा." दोन दिवसांत खरोखर तळ दिसायला लागला. तो पाणी दाखवायला आला, उरलेले पैसे घेतले आणि गेला.

आधी गोगलगायी मेल्या. मग पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून हवा घ्यायला लागले. जमतील तेवढे बाहेर काढून शेजारच्या आडाच्या पाण्यात ठेवले, पण मोठे कोई वाचले नाहीत. सासरे दोन वेळ जेवले नाहीत. बाटली फिल्टरच्या ड्रममागे राहिली होती. कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याने तिच्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा टाकला. खिळ्यावर तांबूस थर चढला. ते मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार (कॉपर सल्फेट) होतं, द्राक्षबागेत बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणाला वापरतात तेच. मोरचुदाने शेवाळ मरतं, म्हणून पाणी नितळ दिसतं. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, आणि तांबं स्वतः गोगलगायींना आणि माशांना विषारी. आपल्याकडे तळी पावसाच्या मृदू पाण्याने भरतात, तिथे हे विष आणखी जोरात लागतं. त्यात नवा गिलावा पाण्यात मुरवून, दोनचार वेळा पाणी बदलून त्यातला चुना उतरू द्यायचा असतो. त्याने तेही केलं नव्हतं.

खऱ्या फिल्टरला एवढी घाई जमतच नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांनाच विषारी असतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या जिवाणूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे ठेवायचे, खाणं कमी द्यायचं आणि अमोनिया चाचणीच्या किटने तपासत राहायचं. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे नितळ पाणी बघून शेवटचा हप्ता देऊ नका. तो दीड महिन्यानंतर द्यायचा, हे आधीच कागदावर लिहून घ्या.

नंतर आम्ही ड्रम उघडले. वर स्पंज, खाली पॅकिंगचा थर्माकोल. जिवाणूंना धरून राहायला मॅटिंग (जाळीदार चटई) किंवा बायोबॉल (प्लास्टिकचे छिद्रांचे गोळे) काहीच नाही. यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, म्हणून बसवलेली वस्तू निळ्या एलईडीची साधी नळी निघाली. खरी यूव्हीसी ट्यूब पारदर्शक क्वार्ट्झची असते, तिच्यावर वॅट छापलेले असतात आणि ती बंद आवरणात बसते. वीज बंद करूनच तपासा, चालू ट्यूबकडे बघू नका. आणि खरी ट्यूबसुद्धा फक्त पाण्यात तरंगणारं शेवाळ मारते, अमोनिया काढत नाही.

पंपावर ताशी 4,000 लिटर छापलं होतं. तो आकडा शून्य उंचीचा असतो, पाणी जितकं वर चढवाल तितकी धार कमी. आमचा फिल्टर भिंतीवर होता. वरच्या पाइपाखाली 15 लिटरची बादली धरली, ती भरायला 40 सेकंद लागले. म्हणजे ताशी 1,350 लिटर. कोईच्या तळ्यातलं सगळं पाणी निदान दोन तासांत एकदा फिल्टरमधून जायला हवं, आमच्याकडे त्याला सात तास लागत होते. ही बादलीची चाचणी ठेकेदार समोर असतानाच करा.

फोन केल्यावर तो म्हणाला, "माल कोल्हापूरकडचा आहे, तक्रार करायची तर तिकडे करा." सीमाभागात हे उत्तर आपण फार ऐकतो, आणि ते खोटं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोलता येतं. पक्कं बिल द्यायला त्याने टाळाटाळ केली होती, पण ऑनलाइन दिलेले पैसे आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप हाताशी आहेत.

आमची तक्रार बेळगावातच दाखल होते आहे. तुमच्याकडेही असंच निळं पाणी ओतलं असेल तर ते तळं विहिरीकडे किंवा नाल्यात उपसू नका, आणि बाटली फेकू नका.