शेंगा चटणी झकास, पॅकिंग भंगार
दहावीपासूनचा दोस्त पदवीनंतर पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. यंदा पूर्वपरीक्षा थोडक्यात हुकली आणि गड्याने फोन घेणंच बंद केलं. मग सोलापूरच्या नवी पेठेतल्या या दुकानातून अर्धा किलो शेंगा चटणी अन् वीस कडक भाकरी घेतल्या, हुतात्मा एक्सप्रेसने निघालेल्या मामांकडे दिल्या. चटणी उखळात कुटलेली. बोटाने दाबली की तेल सुटतं, लसूण नाकात जातो. पण पिशवी पाझरली, आतली चिठ्ठी पार तेलकट. मालक म्हणतात, "तेल सुटलं म्हंजे माल अस्सल!" डबा घरूनच न्या. चार भाकरी मोडल्या. चुरायच्याच होत्या म्हणा. रात्री त्याचा फोन आला, "चिठ्ठी वाचता येईना, काय लिहिलायस बे?" तासभर बोललो.