फिशमन प्लॅटिनम प्रो ईक्यू: ट्यूनर आणि डीआय एकाच पेटीत

अकूस्टिक गिटार घेऊन स्टेजवर जाणाऱ्याला दोन वस्तू लागतातच: तारा लावायला ट्यूनर आणि मिक्सरकडे आवाज पाठवायला डीआय. फिशमनच्या या पेडलमध्ये दोन्ही आहेत. सोबत प्रीॲम्प (क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट), पाच बँडचा ईक्यू (जाड-बारीक आवाज कमीजास्त करणारा), एका नॉबचा कॉम्प्रेसर (जोराचे स्वर दाबून आवाज एकसारखा करणारा), नॉच (एकच ठरावीक फ्रीक्वेन्सी कापणारा), फेज (सिग्नल उलटा करणारा स्विच) आणि आवाज वाढवायला पायाने दाबायचा बूस्टही आहे. ज्या गिटारीत घोडीखाली फक्त पिएझोची (थरथरीची वीज करणारी) पट्टी आहे, आत प्रीॲम्प नाही, तिच्यासाठी ही पेटी जरूर घ्यावी. आत बॅटरीवर चालणारा चांगला प्रीॲम्प आधीच असेल, तर साधा पेडल ट्यूनर आणि पॅसिव्ह (विजेशिवाय चालणारा) डीआय पुरतो. तिथे जादा पैसे घालू नयेत.

हा फरक पडतो इम्पीडन्समुळे, म्हणजे सिग्नलला होणाऱ्या विजेच्या अडथळ्यामुळे. पिएझो विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर असतो. तो 500 पिकोफॅरडचा धरला आणि 140 किलोओमच्या पॅसिव्ह डीआयला थेट जोडला, तर साधारण 2,270 हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जातो. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झवर वाजते. म्हणजे वाद्याचं अंगच गेलं, उरतो तो पत्र्याच्या डब्यासारखा किणकिणाट. इनपुट 1 मेगाओमचा असेल तर ही सीमा 318 हर्ट्झवर येते आणि 10 मेगाओमचा असेल तर 32 वर. मिक्सरवर बेस चढवून भरपाई करायला गेलं की घरघर आणि फीडबॅक दोन्ही वाढतात. दुखणं पहिल्या जोडणीत आहे, ते तिथेच बरं करावं लागतं.

जोडणी अशी: गिटारमधून पी-38 (गिटारची नेहमीची पाव इंची पिन) केबल इनपुटला, पेटीतून कॅनन (तीन पिनांची एक्सएलआर) केबल स्टेजवरच्या स्नेक बॉक्सला (सगळ्या केबल एकत्र मिक्सरकडे नेणारा डबा), आणि स्वतःचा ॲम्प असेल तर पी-38 आउटपुट त्याला. गिटारकडची केबल 5-6 मीटरच्या आत ठेवा. पुढची कॅनन 40 मीटर गेली तरी चालते, कारण ती बॅलन्स्ड आहे, म्हणजे वाटेत शिरलेला गोंगाट पलीकडे वजा होतो. आता ईक्यू सपाट आणि कॉम्प्रेसर शून्यावर ठेवा. कार्यक्रमात जितक्या जोरात वाजवणार तितक्याच जोरात स्ट्रोक मारत ट्रिम (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) वाढवत न्या, क्लिपचा (आवाज फाटत असल्याचा) दिवा लुकलुकला की थोडं मागे या. व्हॉल्यूम मध्यावर ठेवून साउंडवाल्याला गेन लावू द्या. एकदा त्याचा गेन लागला की व्हॉल्यूमला हात लावायचा नाही. तो वाढवला की मॉनिटरमधला आवाजही वाढतो आणि शिट्टी तिथूनच सुरू होते. ईक्यूला गिटार आणि बेस असे दोन मोड आहेत. आवाज विचित्र वाटला तर बाकी काही फिरवण्याआधी तो स्विच बघा, बॅगेतून काढताना तो सहज सरकलेला असतो.

या पेटीतला खरा फायदा ट्यूनरच्या पायस्विचमध्ये आहे. तो दाबला की ट्यूनर लागतो आणि आवाज म्यूट होतो. निवेदक बोलत असताना प्रेक्षकांना टणटण ऐकू न जाता सहाही तारा बघून होतात. केबल काढण्या-घालण्याआधीही हाच स्विच दाबायचा, म्हणजे स्पीकरमध्ये ‘धाड्’ होत नाही. साउंडचेकला एकदा म्यूट करून तार छेडा आणि मिक्सरवरच्या मीटरमध्ये काही हलतं का ते साउंडवाल्याला विचारा.

शेजारी ड्रम किंवा ढोलकी वाजत असेल तर पिएझो त्यांची थरथरही पकडतो आणि ट्यूनरचा डिस्प्ले नाचायला लागतो. अशा वेळी नखाने तार खेचू नका, बाराव्या पडद्याजवळ अंगठ्याच्या मांसल भागाने हलकेच छेडा. सूर नेहमी खालून वर आणा, वरून उतरवलेली तार पुन्हा सैल पडते. कॅपो लावणार असाल तर तो लावून मग तारा बघा, कारण त्याच्या दाबाने सूर चढतो.

भावगीत-नाट्यगीताच्या कार्यक्रमात सोबत हार्मोनियम असेल तर ट्यूनरवर आंधळा विश्वास ठेवू नका. हार्मोनियम नेमकी 440 हर्ट्झची (ट्यूनर धरतो त्या सुराची) असेलच असं नाही, आणि तिचे सूर ऐन वेळी हलवता येत नाहीत. हार्मोनियमवादकाला पांढरी सहा धरायला सांगा, गिटारची पाचवी तार कानाने मिळवा, दोन सुरांमधली लाट थांबली की डिस्प्ले बघा. तो जितका चढा दाखवेल, तितक्याच चढ्या बाकीच्या तारा ठेवा.

मॉनिटर घुमायला लागला की आधी फेजचा स्विच उलटा करून बघा. दोन्हींपैकी ज्या बाजूला घुमणं कमी, ती ठेवा. मग नॉच. मोठ्या अंगाच्या गिटारची पोकळी 100 हर्ट्झच्या आसपास घुमते आणि वरची फळी साधारण 200 च्या. मॉनिटर हळूहळू वाढवत घूं सुरू होण्याच्या कडेवर आणा, तारा तळहाताने दाबून धरा, आणि घूं विरेपर्यंत नॉच फिरवा. पिएझोचा प्लास्टिकसारखा कडकपणा बहुधा 1 ते 3 किलोहर्ट्झमध्ये असतो. मिडची फ्रीक्वेन्सी फिरवून तो शोधा आणि 3 डेसिबलपर्यंत कापा, त्याहून जास्त कापलं तर गिटार गर्दीत हरवते.

कॅनन आउटपुटला प्री आणि पोस्ट असा स्विच आहे. प्रीवर तुमचा ईक्यू मिक्सरकडे जात नाही. साउंडवाला ओळखीचा, कसलेला असेल तर प्री द्या, नाहीतर पोस्ट. बूस्ट सोलोसाठी 3-4 डेसिबल पुरे, पण मिक्सरच्या त्या चॅनेलवर कॉम्प्रेसर असेल तर तो सगळा बूस्ट गिळून टाकतो. हे आधी सांगून ठेवा.

ग्राउंड लिफ्टबद्दल (कॅनन केबलमधली अर्थची जोडणी तोडणाऱ्या स्विचबद्दल) गैरसमज फार आहेत. ॲम्प आणि मिक्सर दोन्ही जोडल्यावर हमिंग आलं, तरच तो उचलायचा. मांडवात तारांना हात लावून माइकला ओठ टेकले आणि झटका बसला, तर ते काम या स्विचचं नाही. तिथे अर्थिंगच नसतं किंवा तुटलेलं असतं. वाजवणं थांबवा आणि वीजवाल्याला बोलवा. प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका.

उणीव एकच, पण मोठी: वीज गेली की ट्यूनर आणि आवाज दोन्ही एकदम जातात. ॲडॉप्टर 9 व्होल्टचा, मध्ये ऋण असलेला हवा. इतर पेडलसोबत एकाच स्वस्त ॲडॉप्टरवर जोडला तर किणकिण हमखास येते. आत नवी अल्कलाइन बॅटरी ठेवाच. अशा पेडलमध्ये ॲडॉप्टरची पिन आत असेपर्यंत बॅटरी सहसा जोडली जात नाही, म्हणून लाइट गेली की ती पिन उपसून काढा. बॅगेत एक चिमट्यासारखा लावायचा क्लिपचा ट्यूनर आणि एक सुटा ॲक्टिव्ह डीआय असू द्या. कार्यक्रम संपल्यावर इनपुटची केबल काढून ठेवा. ती आत राहिली की पेटी रात्रभर चालू राहते आणि दुसऱ्या दिवशी साउंडचेकला बॅटरी बसलेली असते.