शाळेसाठी घेतलेला सूक्ष्मदर्शक: मिठाच्या पाण्यात पास, हजारपटीत नापास

आधी निकाल सांगते: पाचपैकी साडेतीन. वस्तू म्हणजे शाळेत वापरायचा साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक. वर दहापटीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग), फिरत्या चकतीवर चार, दहा, चाळीस आणि शंभर पटीचे चार ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडची भिंगं), खाली एलईडी दिवा. माजी विद्यार्थ्यांनी जमवलेल्या पैशातून बेळगावातल्या एका दुकानातून साडेपाच हजारांना घेतला. आमची शाळा खानापूर तालुक्यातली, मराठी माध्यमाची. मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. त्यामुळे हे परीक्षण एका यंत्राभोवती अख्खा वर्ग गर्दी करतो तिथलं आहे, संशोधकाच्या टेबलावरचं नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीत चार नावांनी जवळजवळ हाच साचा विकला जातो.

दुकानातले अण्णा म्हणाले, "हजारपट दिसतंय बघा टीचर, पेशीतलं सगळंच्या सगळं." हजारपट दिसतं, हे खरं. सगळं दिसतं, हे खोटं. आणि घेणाऱ्या शिक्षकांनी नेमकं हेच समजून घ्यायला हवं, कारण जास्तीचे पैसे तिथेच जातात. मोठं करून दाखवणं आणि जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दाखवणं ही दोन निराळी कामं आहेत. दुसरं काम प्रकाशाच्या तरंगलांबीवर अडतं. चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हला साधारण अर्ध्या मायक्रोमीटरपर्यंतचं अंतर वेगळं दाखवता येतं (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शंभरच्या ऑब्जेक्टिव्हखाली तेलाचा थेंब ठेवला तर त्याच्या निम्म्यापर्यंत. पेशीभोवतीचं प्रद्रव्यपटल, म्हणजेच पेशीपटल, आहे सात-आठ नॅनोमीटर जाडीचं (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग). चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हची जी हद्द, तिच्याहून साठ-सत्तर पट बारीक. साडेपाच हजारांचं राहू द्या, पाच लाखांचा साधा प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक आणला तरी ते पटल ज्या दोन थरांचं बनलेलं असतं ते थर डोळ्यांना दिसणार नाहीत. कांद्याच्या सालीत पेशींच्या कडेला जी ठळक रेघ दिसते ती पेशीभित्तिकेची, म्हणजे पटलाबाहेरच्या जाड भिंतीची असते. मुलं वहीत त्या रेघेला बाण काढून 'पेशीपटल' लिहितात, आणि तपासताना तो बाण मी रोज खोडते.

मग 'पेशी आणि पदार्थांची ये-जा' हा धडा शिकवायला हे यंत्र घ्यावं का? घ्यावं. पटल दिसत नाही, पण पटलाचं काम दिसतं, आणि या यंत्रात ते झकास दिसतं.

त्यासाठी लागतं रिओचं पान. वरून हिरवं, खालून गर्द जांभळं, ते शोभेचं झाड. बेळगावात टिळकवाडीच्या बंगल्यांपासून आमच्या गावच्या देवळाच्या आवारापर्यंत सगळीकडे असतं. पान तिरपं फाडलं की खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा सुटून येतो. तो काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा, वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काचेचा तुकडा. रंग द्यावा लागत नाही, जांभळा रंग पानाचा स्वतःचाच असतो. दहाचा ऑब्जेक्टिव्ह लावला की जांभळ्या षट्कोनी खोल्या आणि अधूनमधून हिरवट पर्णरंध्रं. आता शंभर मिलिलिटर पाण्यात पाच ग्रॅम मीठ विरघळवा, कव्हरस्लिपच्या एका कडेला त्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टीपकागद लावा. टीपकागद साधं पाणी ओढतो, त्याच्या जागी मिठाचं पाणी आत सरकतं. थोड्या मिनिटांत जांभळा रंग कोपऱ्यांतून सुटायला लागतो, आत आकसतो, आकसताना आणखी गडद होतो. बाहेरची चौकट जिथल्या तिथे. आयपीसला डोळा लावलेली मुलगी ओरडते, "बाई, आकसलं की हो हे!" आणि मागची रांग मोडते.

हा रससंकोच. पेशीतल्या पाण्याला बाहेरच्या खारट द्रावणाकडे जाण्याची वाट मोकळी आहे, जांभळ्या रंगद्रव्याला नाही. मग टीपकागदाने साधं पाणी पुन्हा ओढून घ्या, फार उशीर केला नसेल तर रंग हळूहळू पसरून कोपरे भरतो. वर्गात इथे एक प्रश्न येतोच, आणि यायलाच हवा: आकसलेला गोळा आणि भिंत यांच्यामधल्या जागेत काय आहे? निम्मा वर्ग सांगतो, हवा. तिथे मिठाचं पाणी असतं. पेशीभित्तिका पाण्याला आणि मिठाला अडवत नाही. अडवणूक आतल्या पटलाची. हे एकदा पटलं की भित्तिका आणि पटल यांतला फरक पाठ करून घ्यावा लागत नाही. (जाणकारांसाठी: जांभळा रंग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत असतो, रिक्तिकेला तिचं वेगळं पटल असतं. जांभळ्याची जी कड दिसते ती काटेकोरपणे रिक्तिकेची. प्रद्रव्यपटल तिच्या बाहेरच्या अंगाला, पेशीद्रव्याच्या पातळ थरापलीकडे असतं. नववीला मी इतकं सांगत नाही, दहावीत कुणी विचारलं तर सांगते.)

त्याच पानाचा एक तुकडा उकळून बघा. रंग पाण्यात उतरतो, पेशी फिक्या पडतात. त्यांच्यावर मिठाचं पाणी कितीही सोडलं तरी आकसणं नाही. चौकटी दिसतात, निवड करणारं पटल मेलेलं असतं. दोन्ही काचपट्ट्या शेजारी ठेवून दाखवल्या तर धड्यातलं 'निवडक्षम' हे विशेषण मला वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

या झाडाला मान आहे. डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो द व्ह्रीस यांनी १८८४ साली पेशींमधला परासरणाचा दाब (पटलातून पाणी ओढून घेण्याचा जोर) मोजायला जी झाडं वापरली त्यांत हाच रिओ होता, तेव्हाच्या नावाने ट्रेडेस्कॅन्शिया डिस्कलर. ते वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणं देऊन कोणत्या द्रावणात आकसणं जेमतेम सुरू होतं ते बघत. आमची मुलं कमी-जास्त तीव्रतेची मिठाची पाणी करून तेच करतात. पटलाबद्दलची पुष्कळशी माहिती, ते कुणी पाहण्याआधीच, अशी अंदाजाने आणि मोजून मिळालेली आहे. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींमधली चरबी काढून पाण्यावर एकेरी थरात पसरली. तिचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरलं, म्हणून पटलात चरबीचे दोन थर असणार असं ते म्हणाले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पटलाच्या रेघा दिसल्या त्या त्यानंतर, १९५० च्या दशकात. चरबीत तरंगणाऱ्या प्रथिनांचं, आज पुस्तकांत असतं ते चित्र सिंगर आणि निकोल्सन यांचं, १९७२ चं.

आता यंत्राकडे. दहाचा ऑब्जेक्टिव्ह उत्तम, स्वच्छ, कडा फारशा रंगीत होत नाहीत. या धड्याचं नव्वद टक्के काम त्याच्यावरच होतं. चाळीसचा बरा, त्याचं टोक स्प्रिंगवर मागे सरकतं, त्यामुळे कव्हरस्लिपवर आपटला तरी दोन्ही वाचतात. मुलांच्या हातात द्यायचं यंत्र असेल तर दुकानातच बोटाने दाबून ही स्प्रिंग तपासा. चाळीसखाली मलप्रभेकाठच्या डबक्यातला हायड्रिला ही पाणवनस्पती ठेवली तर हरितलवकं (पेशीतले हिरवे कण) भिंतीकडेने सरकताना दिसतात. ते बघायला दुसऱ्या तुकडीतली मुलंही येऊन उभी राहतात. शंभरचा ऑब्जेक्टिव्ह मात्र शोभेचा. तेल हवं, हात स्थिर हवा, नमुना अतिशय पातळ हवा, आणि एवढं करून प्रतिमा धुरकट. शंभरचा नसलेला सूक्ष्मदर्शक हजारभर रुपयांनी स्वस्त होता. तुम्ही तोच मागा.

दिसण्याचं क्षेत्र तपासायला खिशात प्लास्टिकची पट्टी न्या. चारच्या ऑब्जेक्टिव्हखाली पट्टीचे साडेचार मिलिमीटर दिसले तर दहाखाली एक पूर्णांक आठ आणि चाळीसखाली जेमतेम अर्धा मिलिमीटर दिसेल. कांद्याची एक पेशी पाव मिलिमीटरच्या आसपास लांब असते, म्हणजे चाळीसखाली लांबीच्या दिशेने एखादीच मावते. भाकरीच्या तव्यावर अख्खी चादर बघायला बसल्यासारखं ते. म्हणून मुलांना आधी दहाखालीच बघू द्या.

एलईडीबद्दल दोन शब्द. आमच्याकडे जुना आरशाचा सूक्ष्मदर्शक होता. जून ते सप्टेंबर खानापूरच्या आभाळाखाली त्या आरशात काळोखच जमा व्हायचा. नवा आतल्या बॅटरीवरही चालतो, वीज गेली तरी तास बुडत नाही. पण प्रकाश कमी-जास्त करायचं बटण ढिलं आहे. आणि डायफ्रॅमची, म्हणजे खालून येणारा प्रकाश आवरणाऱ्या झडपेची, पाकळी मुलं कधीच हलवत नाहीत. ती अर्धी बंद केली की पारदर्शक पेशींच्या कडा एकदम उठून दिसतात. हे माहितीपत्रकात नाही. माहितीपत्रक एक पानाचं, फक्त इंग्रजीत. शेजारच्या कन्नड शाळेतले सर आणि मी मिळून त्याच्या दोन्ही भाषांत चिठ्ठ्या लिहून यंत्राच्या खोक्याला चिकटवल्या.

गुण कापले ते मुख्यतः दोन गोष्टींसाठी. जाड फोकसचा (प्रतिमा ढोबळमानाने जुळवायचा) स्क्रू आपोआप खाली घसरतो. काचपट्टी ठेवायचा मंच हळूहळू उतरतो आणि प्रतिमा विरघळते. स्क्रूजवळची ताणाची कडी घट्ट केली की थांबतं, पण नव्या वस्तूला हे करावं लागू नये. आणि वॉरंटी. दुकान म्हणालं वर्षभराची, बिलावर मात्र शिक्का नाही. दुरुस्तीचा माणूस हुबळीहून येणार, 'उद्या-परवा'. तो येईपर्यंत कडी मीच आवळली.

पावसाळ्याची काळजी तुमच्याकडेच आहे, कोणतीही कंपनी ती घेणार नाही. दमट हवेत भिंगावर बुरशीचे जाळीदार धागे वाढतात आणि ते भिंग पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. प्लास्टिकची पिशवी चढवून ठेवू नका, आत ओल कोंडते. निळे मणी असलेली सिलिका जेलची पुडी खोक्यात ठेवा. मणी गुलाबी झाले की मंद आचेवर कोरडे करून पुन्हा ठेवा.

मुलांचा नेहमीचा प्रश्न: ओआरएसच्या पुडीत मीठ आणि साखर दोन्ही का? याचं उत्तर हे यंत्र देत नाही. आतड्याच्या पेशीपटलावरचं एक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेतं. त्यांच्यामागे पाणी जातं. पेशीच्या दुसऱ्या अंगाचा पंप दर वेळी तीन सोडियम बाहेर ढकलून दोन पोटॅशियम आत घेतो, त्याला ऊर्जा लागते. १९७१ च्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनोबीस यांनी याच मिश्रणाने कॉलऱ्याच्या रुग्णांना वाचवलं. हे फळ्यावरच सांगावं लागतं. मात्र रिओ बघून आलेला वर्ग ते वेगळ्या कानाने ऐकतो. पाण्याच्या वाटेचं प्रथिन, अ‍ॅक्वापोरिन, शोधल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं, हेही मग अलगद सांगता येतं. रक्ताचा थेंब घेऊन प्रयोग मात्र वर्गात करू नका, सुया आणि संसर्ग ही जोखीम शाळेने घ्यायची नाही. गालाच्या आतल्या पेशी मिथिलीन ब्लूमध्ये दाखवा, केंद्रक छान दिसतं.

शेवटी अण्णा तयार काचपट्ट्यांची पेटीही गळ्यात मारतात, रंगवलेले पंचवीस नमुने. पेशीविभाजन शिकवायचं असेल तर तिचा उपयोग आहे. या धड्यासाठी घेऊ नका, त्यातल्या पेशी कधीच्या मेलेल्या असतात, मिठाच्या पाण्याला त्या दाद देत नाहीत. त्या पैशांत कव्हरस्लिपच्या जास्तीच्या डब्या घ्या. मुलांच्या हातून त्या फुटतात खूप.