जर्मन: काळा घोड्याच्या वर्गात की जर्मनीतल्या बेकरीच्या रांगेत?

काळा घोड्याच्या मॅक्समुल्लर भवनात, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत, ए-१ ही पहिली पातळी करून गेलात तर क्रियापदं जागेवर बसतात. पण बेकरीवाली भराभर 'झोन्स्ट नॉख एत्वास?' म्हणते, तेव्हा तोंड उघडंच राहतं. ती फक्त 'आणखी काही?' विचारत असते. पुढच्या दोन गिऱ्हाइकांकडे कान द्या, उत्तर फुकटात मिळतं: 'दास वार्स', एवढंच. हॉटेलात बिल १८ युरो ५० सेंट. वीसची नोट देऊन 'श्टिम्ट झो' म्हटलं की उरलेली टिप. ही मजा रांगेतलीच. फसगतही तिथलीच: कॉफी विचारल्यावर नुसतं 'डांके' (धन्यवाद) म्हणालात तर बऱ्याचदा 'नको' समजतात. हवी असेल तर 'या, गेर्न', म्हणजे 'हो, चालेल की'.

उकाड्याचं मात्र वर्गातच शिका. इंग्रजीवरून 'इश बिन हाइस' जुळवलंत तर समोरचा गालात हसेल, अर्थ भलतीकडेच जातो. मराठीवरून जुळवा: मला गरम होतंय, 'मिअर इस्ट हाइस'. 'मला'ला 'मिअर', अगदी चपखल! दमट हवा म्हणजे 'श्व्यूल'. ओठांचा चंबू करून जीभ 'ई'सारखी पुढे ठेवायची; ती मागे गेली तर 'श्वूल' होतं, म्हणजे समलिंगी. हवेबद्दल कुरकुरणं मुंबईकराच्या रक्तातच, तेव्हा हा उच्चार निघण्यापूर्वीच घोटून घ्यावा.