हडल व्हिडिओ सेवा: जागा बदलायला सांगितलेल्या अमेरिकन फुटबॉलपटूला कितपत उपयोगी?

कॉलेजचे प्रशिक्षक म्हणतात, मुलगा आम्हाला हवाय, पण क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) म्हणून नको, सेफ्टी (बचावात सगळ्यात मागे उभा राहणारा) म्हणून हवा. अमेरिकन फुटबॉलमध्ये यात कमीपणा अजिबात नाही. शाळेच्या संघातल्या सगळ्यात चपळ मुलाला बहुतेकदा क्वार्टरबॅक करतात. कॉलेज मात्र एका वर्षाच्या तुकडीत साधारण एकच क्वार्टरबॅक घेतं. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गाजलेला ट्रॅव्हिस केल्सी सिनसिनाटी विद्यापीठात क्वार्टरबॅकचा टाइट एंड (विरोधकाला अडवणारा आणि पासही झेलणारा) झाला. लेन जॉन्सन किलगोर कॉलेजात क्वार्टरबॅक होता. ओक्लाहोमा विद्यापीठात टाइट एंड, मग डिफेन्सिव्ह एंड (बचावफळीच्या टोकाचा), मग टॅकल (आक्रमणाच्या लाइनमधला, क्वार्टरबॅकला जपणारा) झाला आणि एनएफएलच्या 2013 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, चौथा निवडला गेला.

खरी अडचण अशी की मुलाकडे नव्या जागेवरची फिल्म नसते. म्हणून हडलचं हे परीक्षण तेवढ्या एकाच कामापुरतं आहे. 2006 मध्ये नेब्रास्कातल्या लिंकनला सुरू झालेली ही व्हिडिओ सेवा आज अमेरिकेतल्या शाळांच्या फुटबॉलमध्ये सर्रास वापरली जाते. वर्गणी शाळेचा संघ भरतो, सामन्याचा व्हिडिओ प्रशिक्षक चढवतात आणि त्यातून क्लिप निवडून खेळाडू आपली हायलाइट बनवतो.

हडलची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे रकाने. प्रत्येक प्लेपुढे, म्हणजे एकेका चालीपुढे, तो आक्रमणाचा, बचावाचा की किकचा, कितवा डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड बाकी, निकाल काय, हे भरता येतं. प्रशिक्षकांनी हे नीट भरलेलं असेल तर फक्त किकचे प्ले वेगळे काढून बघायला काही मिनिटं पुरतात. जागा बदलणाऱ्यासाठी खरं सोनं तिथंच आहे. क्वार्टरबॅकला सेफ्टी व्हायचं असेल तर त्याचे साठ यार्डांचे पास कोण बघणार? किक कव्हरेजमध्ये, म्हणजे आपल्या संघाच्या किकनंतर चेंडू घेऊन धावणाऱ्याला रोखताना, त्यानं मोकळ्या मैदानात अडवून पाडलेला एक गडी दहा टचडाउनपेक्षा जास्त बोलतो. टाइट एंडला टॅकलच्या जागी जायचं असेल तर झेल मागे ठेवा आणि धावेच्या प्लेमधले ब्लॉक (विरोधकाला अंगानं रोखणं) पुढे आणा. लाइनमधल्या गार्डला मधल्या सेंटरच्या जागी हलवत असतील तर सरावातल्या शॉटगन स्नॅपच्या (काही यार्ड मागे उभ्या क्वार्टरबॅककडे चेंडू मागे देऊन प्ले सुरू करण्याच्या) चार-पाच क्लिप घ्या. अशा क्लिप फोनवर काढून जोडता येतात.

क्लिप कुठून कुठपर्यंत कापायची, इथं बहुतेक जण चुकतात. स्नॅपच्या दोन सेकंद आधी सुरू करा, म्हणजे उभं राहण्याची ढब दिसते. ब्लॉक करणाऱ्याची क्लिप शिट्टी वाजेपर्यंत चालू द्या, कारण तो शेवटपर्यंत पाय चालवतो का, हेच बघायचं असतं. खेळाडूभोवती वर्तुळ किंवा बाण दाखवण्याची हडलची सोय छान आहे, पण ती स्नॅपच्या आधीच वापरावी. प्लेच्या मध्येच चित्र थांबवलं की वेग कळत नाही. स्लो मोशन, भडक संगीत, लांबलचक शीर्षकं यांची गरज नाही. वीस-पंचवीस प्ले, तीन ते चार मिनिटं पुरे. पहिल्या पाच क्लिप नव्या जागेला लागणाऱ्या कौशल्याच्या असाव्यात, कारण बरेच प्रशिक्षक तिथूनच पुढे बघायचं की नाही ते ठरवतात.

उणीवही मोठी आहे, पण तिचं मूळ कॅमेऱ्यात आहे. बऱ्याच शाळा बाजूच्या उंच जागेवरून एकच कॅमेरा लावतात आणि चित्रीकरण करणारा चेंडूमागे धावतो. मग सेफ्टी चौकटीबाहेरच राहतो. त्यानं पासचा अंदाज कधी घेतला, पहिलं पाऊल कुठं टाकलं, काहीच दिसत नाही. लाइनच्या खेळाडूचे हात कुठं लागले हे कळायला गोलमागचा, म्हणजे एंड झोनचा, कोन लागतो. हा कोन हंगाम संपल्यावर कुठून आणणार? म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच प्रशिक्षकांना दोन्ही कोनांबद्दल विचारावं. एकच कोन असेल तर क्लिप जवळून कापू नये, आख्खी चौकट ठेवावी.

प्रोफाइलवर दोन्ही जागा लिहा, विचारलेली जागा आधी. उंची आणि वजन खरं टाका. 230 पौंडांचा टाइट एंड टॅकल व्हायचा तर त्याला 300 च्या आसपास जावं लागतं, त्याला कॉलेजातली एक-दोन वर्षं लागतात आणि हे प्रशिक्षकांना ठाऊक असतं. ते आजचं वजन बघत नाहीत, हाडापेराची चौकट बघतात. त्यामुळे बास्केटबॉलमधला एखादा डंक, गोळाफेकीचा किंवा 100 मीटरचा आकडा इथं फार कामाचा ठरतो. हडलचा पारंपरिक वापर करणारे हे विसरतात, म्हणून वेगळ्या खेळाच्या दोन क्लिप शेवटी जोडाच.

हायलाइट कितीही सुबक असली तरी ती निवडक असते, म्हणून तिच्याबरोबर दोन पूर्ण सामन्यांचा व्हिडिओ द्यायला हवा. हडल तेही दाखवू शकतं, पण पूर्ण सामना संघाच्या ताब्यात असतो. शाळेच्या प्रशिक्षकांनी तो स्वतः कॉलेजकडे पाठवावा, ही विनंती लेखी करा.

जागा बदलू पाहणाऱ्यासाठी हडल पाचपैकी चार. क्लिप शोधणं आणि मांडणं यात पूर्ण गुण, कमी झालेला गुण कॅमेऱ्यावरच्या अवलंबित्वाचा. एक मात्र हडल सांगत नाही: नव्या जागेवर आधीच किती जण आहेत. 2025 पासून मोठ्या कॉलेजांच्या संघांना 105 खेळाडूंची मर्यादा लागू झाली आहे, तेव्हा लिंक पाठवण्याआधी त्या कॉलेजचा रोस्टर (खेळाडूंची यादी) उघडा आणि त्या जागेवर पहिल्या-दुसऱ्या वर्षाची किती मुलं आहेत ती मोजा.