एकट्या, विक्षिप्त माणसांच्या गोष्टी: मॉशफेग की बर्लिन?

ऑटेसा मॉशफेगचा 'होमसिक फॉर अनदर वर्ल्ड' (२०१७) आणि लुसिया बर्लिनचा 'अ मॅन्युअल फॉर क्लीनिंग विमेन' (२०१५), दोन्ही कथासंग्रहांत माणसं एकटी आणि जरा सटकलेलीच, पण वाचताना फरक जाणवतो राव.

मॉशफेगची पहिलीच गोष्ट घ्या, कॅथलिक शाळेतली गणिताची टीचर, दारू पिते, वर्गातच स्लीपिंग बॅग ठेवलीये झोपायला, आणि पोरांच्या परीक्षेची उत्तरं स्वतःच भरून टाकते. हसू येतं आणि किळसही. आणखी एका गोष्टीतला मिस्टर वू तर व्हिडिओ गेमच्या आर्केडमधल्या बाईवर लट्टू, पण समोर जाऊन बोलायची हिंमत नाही म्हणून मेसेज पाठवत बसतो. लेखिका कुणालाच माफ करत नाही, आणि सलग चार गोष्टी वाचल्या की तोच तो कडवटपणा वाटायला लागतो (मला तरी वाटला).

बर्लिन २००४ मध्ये गेली, हे पुस्तक नंतर आलं, ४३ कथा आहेत, त्यामुळे सगळ्याच भारी आहेत असं नाही. पण टायटल स्टोरी! घरकाम करणारी बाई बसच्या नंबरांवरून दिवस सांगते, कामाच्या घरांतून झोपेच्या गोळ्या ढापते, मधेच मेलेल्या जोडीदाराशी बोलते आणि तरी सगळं विनोदी. आणखी एका गोष्टीत लाँड्रीत आरशातून गोष्ट सांगणाऱ्या बाईचे हात बघणारा म्हातारा अपाची (अमेरिकेतली एक आदिवासी जमात), तोही असाच. बर्लिन या लोकांच्या शेजारी बसते, मॉशफेग काचेतून बघते.

एकच घ्यायचं तर बर्लिन. मॉशफेग लायब्ररीतून आणा, दोन-तीन गोष्टी वाचा, बास.