रोटासिल : पुण्यात तयार होणारी लस आणि बाळाचे आतडे

रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या जुलाबांवरची, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल ही लस आमच्या मुलीला कोथरूडमधील बालरोगतज्ज्ञांकडे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात दिली गेली. प्रत्येक पालकाने ती बाळाला जरूर द्यावी, असे माझे मत आहे. सिस्टरांनी कुपीतली पूड सोबतच्या द्रावणात विरघळवून अडीच मिलिलिटर औषध बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आत थोडे थोडे सोडले आणि मुलीने ते सहज गिळले. कोरड्या पुडीच्या रूपात असल्याने ही लस उन्हाळ्यातही चांगली टिकते, हा तिचा मोठा गुण आहे.

आकडे मात्र नीट समजून घ्यायला हवेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिकेतील नायजर देशातल्या चाचणीत रोटाव्हायरसच्या तीव्र जुलाबांपासून ६६.७ टक्के संरक्षण दिसले, तर भारतातील चाचणीत ते सुमारे ३६ टक्केच निघाले. अतितीव्र जुलाबांत मात्र ते ६० टक्क्यांच्या आसपास होते. श्रीमंत देशांत तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या रोटा लसी याहून बऱ्याच अधिक परिणामकारक ठरतात. या फरकामागे आईकडून आलेली प्रतिपिंडे (विषाणूला निष्प्रभ करणारी रक्तातील प्रथिने) आणि सोबत दिले जाणारे पोलिओचे थेंब ही कारणे सांगितली जातातच, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती आतड्याची सहनशीलता. अन्नातील प्रथिने आणि असंख्य जीवाणू यांच्याशी आतड्याची रोज गाठ पडते. त्या प्रत्येकाशी झुंजत बसल्यास त्याचे अस्तरच खराब होईल, म्हणून तिथल्या नियामक टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) प्रतिकाराला आवर घालतात. अस्वच्छ पाण्यामुळे वारंवार संसर्ग होणाऱ्या बाळांत हा आवर अधिक घट्ट होत असावा आणि त्यामुळे लसीतल्या दुबळ्या विषाणूविरुद्धही पुरेसा प्रतिकार उभा राहत नसावा, अशी शक्यता संशोधक मांडतात. मुरादाबादच्या २०१४ मधील अभ्यासात पोलिओचे थेंब पूर्वी घेतलेल्या मुलांची आतड्यातली प्रतिकारशक्ती टोचून दिलेल्या पोलिओ लसीने वाढली; म्हणजे आतड्याला वळसा घालून दिलेली लस तिथला प्रतिकार वाढवू शकली, ही गोष्ट या दृष्टीने फार बोलकी आहे.

म्हणूनच ३६ टक्क्यांचा आकडा पाहून लस टाळणे मला पटत नाही, कारण जीवघेण्या जुलाबांतच तिचा आधार सर्वाधिक आहे. तिन्ही डोस वेळेवर द्यावेत आणि घरात ओआरएसची पाकिटे कायम ठेवावीत.